पायरी, अननस आणि मिरी: दात नसलेल्या उन्हाळ्यातली स्मूदी

आईचे उरलेसुरले दात मार्चमधे काढले आणि हिरड्या नीट भरून आल्याशिवाय कवळीचं माप घेता येणार नाही, दोन-तीन महिने थांबा, असं डेंटिस्टने सांगितलं. म्हणजे आख्खा उन्हाळाच गेला की. आमची आई राजापूर तालुक्यातली, घरात आंबे यायला लागलेले असताना तिला पेज आणि मऊ भात देत बसणं हे फार जिवावर येतं. सुरुवातीला तिने काही बोलून दाखवलं नाही, पेज, वरणाचं पाणी, रव्याची खीर, नाचणीची आंबील असं चाललं होतं, मग एका सकाळी वाटी बाजूला सारून म्हणाली, "अरे काहीतरी चवीचं दे रे मला, हे सगळं पांढरं पांढरं खाऊन जीव विटला." नाचणी पांढरी नसते हे मी तिला सांगायला गेलो नाही.

ताईने प्रोटीन पावडरचा एक मोठा डबा पाठवला होता तो पहिल्याच घोटाला नापास झाला, "खडूची पूड पाण्यात कालवल्येय" एवढाच शेरा मिळाला. मग मी स्मूदीवर आलो. माझं काम घरूनच असतं, बायको सकाळच्या लोकलने निघाली की डोंबिवलीच्या या दोन बाय दोनच्या किचनवर माझंच राज्य, त्यामुळे प्रयोग करायला मोकळीक होती.

डेंटिस्टने एक गोष्ट दोन-दोनदा बजावली होती ती आधी सांगतो कारण स्मूदी म्हटलं की लोकांच्या हातात आधी स्ट्रॉ येतो. दात काढल्यावर पहिले काही दिवस स्ट्रॉ अजिबात वापरायचा नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलेली असते, ओढताना ती निघाली तर खालचं हाड उघडं पडतं आणि मग जे ठणकतं ते विचारू नका. तर चमच्याने नाहीतर फुलपात्राने घोट घोट. जखम ताजी असताना तिखट, आंबट नको आणि बारीक बिया तर नकोच नको, म्हणजे सब्जा, चिया, स्ट्रॉबेरी सगळं बाद. म्हणून पहिले काही दिवस नुसती पपई आणि केळं, त्यात थोडं पाणी, बस. आमच्याकडे पपई बहुतेक नंदुरबार-शहाद्याकडची येते, ती लाल गराची रेड लेडी, गोड असते पण वास तिला जेमतेम. आईने प्यायलं पण चेहरा काही खुलला नाही.

हिरड्या जरा सावरल्यावर अननस आणला आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

बायको म्हणाली दुधात कर, तेवढंच कॅल्शियम जाईल पोटात. आता अननस आणि दूध यांचं जमत नाही हे मला ऐकून माहीत होतं पण नेमकं काय होतं ते बघायचंच होतं म्हणून ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. दोन्हीत सारखंच थंड दूध, एकीत कच्च्या अननसाचा गर, दुसरीत तोच गर पण पाच-सात मिनिटं शिजवून गार केलेला. पंधरा-वीस मिनिटांनी चव घेतली तर पहिली वाटी चक्क कडू, म्हणजे आंबट नाही, कडू, कारल्याच्या जातीतलं कडू, आणि वर बारीक कण कण झालेले. दुसरी आंबटपणामुळे किंचित फुटल्यासारखी दिसत होती खरी पण कडू अजिबात नाही. आईने दोन्हीत बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं अननसाचा शिरा करताना फोडी आधी शिजवून घेतो ते काय उगाच?"

कारण सोपं आहे. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं आणि दुधातल्या प्रथिनांचे तसे तुकडे झाले की ते जिभेला कडू लागतात. पपईत पपेन असतं त्याचं काम साधारण तेच, कच्च्या पपईत खूप, पिकलेल्यात बरंच कमी, तरी पपईचा मिल्कशेक करून तासभर ठेवून बघा, कडवटपणा येतोच. हे एन्झाइम उष्णतेने मरतं. फ्रीजरमधे मरत नाही हे मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं फ्रोझन फोडी टाकल्या की प्रश्न मिटला. डब्यातला पाकातला अननस रायत्यात चालतो तो डबाबंद करताना तापवलेला असतो म्हणून. जेलीत ताजा अननस टाकला की जेली धरत नाही तेही याच कारणाने, आणि चायना ग्रासमधे मात्र धरते कारण चायना ग्रास हे प्रथिनच नाही.

अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यालाही हेच महाशय बऱ्याच अंशी जबाबदार. मग भरत आलेल्या हिरड्यांना कच्चा अननस कशाला द्या? त्यामुळे शिजवायचा हे एकदाचं ठरलं. व्हिटॅमिन सी थोडं कमी होतं शिजवल्यावर, होऊ दे, आंबा आणि लिंबू कच्चंच जाणार आहे वरून.

शिजवायची रीत अशी. अननस छोटा, पिवळा, वास येणारा घ्यायचा, क्वीन जातीचा, तो केरळातून भरपूर येतो, मोठा हिरवट केव असेल तर तो पाणचट निघायची शक्यता जास्त. साल जाड काढायची, डोळे तिरक्या रेषेत खाचा मारून काढायचे, मधला दांडा दात असलेल्यांनी चघळावा, स्मूदीत त्याचे दोरे दोरे राहतात. बारीक फोडी, पातेल्यात, पाणी अजिबात नाही, झाकण, गॅस बारीक. सोबत चक्रीफुलाची एकच पाकळी. एकच. चक्रीफूल आम्ही फक्त मटणाच्या मसाल्यात वापरत आलो पण अननसाबरोबर ते जे काही करतं ना, झाकण काढल्यावर आई बाहेरच्या खोलीतून विचारत आली की आज काय केलंयस. पाच-सात मिनिटांत फोडी आपल्याच रसात मऊ होतात, पाकळी काढून टाकायची, गार करून ताटलीत पसरून फ्रीजरमधे, कडक झाल्या की डब्यात. ताटलीत सुट्या न गोठवता थेट डब्यात ओतल्या तर एक मोठा दगड तयार होतो आणि सकाळी सुरीने झटापट करावी लागते.

दूध बाद झाल्यावर पर्याय आईनेच दिला. "नारळाचा रस घाल की, सोलकढीला काढतो तसा." म्हणाली आणि स्वतःच खवणी काढून बसली. ओला नारळ खवला, पाठीकडचा काळा भाग खवणीत येऊ दिला नाही (मी केलं असतं तर आला असता), कोमट पाणी अर्धी वाटी घालून मिक्सरला फिरवलं, सुती फडक्यातून पिळलं, तो दाट रस. चोथ्यात पुन्हा वाटीभर कोमट पाणी घालून दुसऱ्यांदा काढला तो पातळ. पाणी कोमटच हवं, थंड पाण्यात तेल सुटत नाही आणि कडकडीत असेल तर हात भाजतात. दाट रस तासाभराने बघितला तर वर साय धरल्यासारखा जाड थर आणि खाली पाणी, तो बिघडलेला नसतो, ढवळला की झालं. पण उन्हाळ्यात तो ओट्यावर ठेवू नका, फार पटकन आंबतो, काढला की फ्रीजमधे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचा. घाई असेल तर टेट्रापॅकमधलं नारळाचं दूध मीही वापरलंय, त्यात काही पाप नाही, फक्त मागे वाचून घ्या, काहींमधे साखर असते. नारळाच्या रसात प्रथिनं नावालाच असल्यामुळे अननसाने तो कडूही होत नाही. अर्थात त्यात सॅच्युरेटेड फॅट चांगलंच असतं त्यामुळे कोलेस्टेरॉलवाल्यांनी पातळ रसावर भागवावं, माझा स्वतःचा ग्लास मी तसाच करतो.

आता मसाला. यावरच माझं सगळ्यात जास्त डोकं खर्ची पडलं.

नेटवर जेवढ्या हळद-आलं-मिरी घातलेल्या स्मूदी बघितल्या त्यात सगळीकडे पावडरी थेट मिक्सरमधे टाकतात. मला ते पटलं नाही. कच्ची हळद पूड थंड रसात टाकली की मातकट लागते, दालचिनीची पूड पाण्यात विरघळत नाही, तोंडात वाळूसारखी येते, आणि मिरपूड तळाशी बसून शेवटच्या घोटाला ठसका लावते. आपण आमटीत हळद कच्ची वरून भुरभुरतो का? फोडणीत घालतो, उकळतो. मग इथे वेगळा नियम का? तर मसाल्याचा काढा करून त्याचे बर्फाचे क्यूब करायचे ठरवलं.

दोन वाट्या पाणी, दोन इंच आलं ठेचून, आठ-दहा मिरे भरडून, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार वेलदोडे सालासकट फोडून, अर्धा टीस्पून हळद. बारीक गॅसवर निम्मं होईपर्यंत. सुरुवातीला आल्याचा वास येतो, मग मधेच सगळं दबल्यासारखं होतं आणि हळदीचा उग्र वास पुढे येतो, तेव्हा वाटतं बिघडलं, नाही बिघडत, अजून पाच मिनिटं धीर धरायचा, हळदीचा तो कच्चा वास जातो आणि मिरी-वेलदोड्याचा घमघमाट मागे राहतो. गॅस बंद करून त्यात दोन-तीन चमचे दाट नारळाचा रस ढवळायचा, गाळायचं आणि बर्फाच्या ट्रेमधे. रस घातल्यावर उकळायचं नाही, फुटतो. आणि ट्रे जुना घ्या कारण तो कायमचा पिवळा होतो, आमचा झालाय, आता त्यातला साधा बर्फसुद्धा मुलगी सरबतात घेत नाही.

नारळाचा रस घालण्याचं कारण नुसती चव नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात-तुपात विरघळतं. आणि मिरीचं म्हणाल तर १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पिपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हळद-मिरीची जी काही पोस्टर्स आणि रील्स फिरतात त्यांचं मूळ बहुतेक इथे आहे. पण जरा हिशोब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅम कर्क्युमिन पोटात जायला साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल, आणि आपण आख्ख्या ट्रेमधे घालतोय अर्धा टीस्पून. त्यामुळे ही स्मूदी सांधेदुखीवर औषध वगैरे आहे असं मी कोणाला सांगणार नाही, चवीसाठी आणि रंगासाठी हळद, पचायला बरं म्हणून आलं-मिरी, एवढंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काढे आणि हळदीच्या कॅप्सूल या प्रकारात उत्साह दाखवण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं, हेही आहेच.

दालचिनीबद्दल एक. बाजारात जी जाड, कडक, एका बाजूने वळलेली साल मिळते ती बहुतेक कॅशिया असते, त्यात कुमारिन नावाचा घटक बराच असतो, रोज रोज जास्त घेतला तर लिव्हरला चांगला नाही. पातळ, कागदासारखे पदर पदर असलेली, हाताने चुरता येते ती खरी दालचिनी. आमच्या मामाच्या वाडीत नारळाच्या मधे मधे दालचिनी, जायफळ, मिरीचे वेल असं सगळं आहे, रत्नागिरीला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात बघून आल्यावर केलेलं, तिथे त्याला लाखी बाग म्हणतात. दालचिनीची कोकण तेज आणि जायफळाची कोकण सुगंधा या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती, दोन्ही मामाकडे आहेत, त्यामुळे गावाहून येणाऱ्या पिशवीत आंब्यांच्या खाली कागदात गुंडाळलेली साल आणि दोन-चार जायफळं असतातच. आईने त्या दालचिनीची वाळलेली पानं पण ठेवली होती, एक पान काढ्यात टाकलं तर साल निम्मी पुरते.

जायफळ काढ्यात घालत नाही, उकळून त्याचा वास उडतो. ते शेवटी मिक्सरच्या भांड्यावरच खिसणीवर दोन-तीनदा घासायचं, बस. जास्त नको, जायफळ हा चेष्टेचा विषय नाही, चमचाभर पोटात गेलं तर गरगरतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं करतो. चिमूटभराने मात्र आंब्याची चव कितीतरी खुलते.

आंब्याचं आलं म्हणून. हापूस स्मूदीत घालू नये या मताचा मी आहे आणि यावर आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. हापूस कापून खायचा, त्याचा घट्ट गर मिक्सरमधे अननस आणि आल्याबरोबर घुसळला की हापूस कुठला आणि दुसरा कुठला हे सांगणाऱ्याला मी बक्षीस देईन. २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून तर भावाचं विचारूच नका. स्मूदीला पायरी. पातळ रस, आंबटगोड, केशरी लालसर, पूर्वीपासून आमरस पायरीचाच करत आले ते उगाच नाही. रायवळ मिळाला तर त्याहून स्वस्त आणि वासाला जबरदस्त पण त्याला रेषा फार, गाळून घ्यावा लागतो, दात नसलेल्या माणसाच्या हिरडीत ती रेषा अडकली की दिवसभर चिडचिड. हापूसच घालायचा असेल तर पेटीतले डागी, एका बाजूने मऊ पडलेले घाला, त्यांचं चीज होतं.

केळं मात्र लागतंच, दाटपणा त्याच्यामुळे येतो. सालीवर काळे ठिपके आलेलं पिकलेलं केळं, चकत्या करून फ्रीजरमधे. आई म्हणायची फळ आणि दूध विरुद्ध आहार, पण मग शिकरण कसं काय चालतं यावर तिच्याकडे उत्तर नाही, "ते वेगळं" एवढंच.

मिक्सरबद्दल थोडं. आमचा साधा ७५० वॅटचा मिक्सर आहे, भारी ब्लेंडर वगैरे काही नाही. गोठलेल्या फोडी बाहेर काढून पाच-दहा मिनिटं ठेवायच्या, बोटाने दाबल्यावर कडा जरा दबली पाहिजे. भांड्यात आधी नारळाचा पातळ रस, मग आंब्याचा गर, मग केळं, अननस आणि सगळ्यात वर क्यूब. खाली पातळ पदार्थ नसला तर पातं नुसतं हवेत फिरतं आणि वरचा माल तसाच बसून राहतो. सलग न फिरवता पल्सवर चार-पाच झटके, थांबून चमच्याने कडा खाली ढकलायच्या (मिक्सर बंद करून, भांडं काढून), मग फुल स्पीड अर्धा-पाऊण मिनिट. मधेच मिक्सर एकदम गप्प झाला तर जळला म्हणून दुरुस्तीला न्यायची घाई करू नका, उलटा करून बुडाला बघा, एक लाल बटण असतं, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं, मोटर गार झाल्यावर आत दाबलं की परत चालू. किती तरी लोकांना हे माहीतच नसतं. दाट रस सगळ्यात शेवटी, आणि तो घातल्यावर दोनच झटके, जास्त फिरवलं तर लोण्यासारखे कण सुटतात आणि ओठांना तेलकट लागतं.

मग चव. थंड पदार्थात जिभेला गोड कमी कळतं, आणि लोक इथेच साखर, मध, गूळ ओतायला लागतात. माझं म्हणणं आधी मीठ घालून बघा. चिमूटभर शेंदेलोण आणि पाच-सहा थेंब लिंबू, ढवळून परत चव घ्या, आंबा पुढे येतो, साखरेची आठवणही येत नाही. रस्त्यावरचा अननसवाला फोडीवर मीठ-तिखट टाकतो त्यामागे हेच आहे. आणि आईने तर मला गप्पच केलं, म्हणाली, "तुला वाटतंय तू काहीतरी नवीन केलंस, आमच्याकडे आमरसाच्या वाटीत तूप आणि मिरपूड घातल्याशिवाय कोणी वाटी तोंडाला लावायचं नाही, रस बाधू नये म्हणून." खरंच की. तूप म्हणजे फॅट, मिरपूड म्हणजे मिरपूड, सुंठही घालतात कोणी कोणी. पन्ह्यात वेलदोडा, सोलकढीत आलं-मिरची. मसाला घातलेलं फळाचं पेय आपल्याकडे घरोघरी होतंच, फक्त ते वाटीत नाहीतर फुलपात्रात असायचं, हँडलवाल्या काचेच्या बरणीत नव्हे.

फुलपात्राचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि हेल्दी हेल्दी म्हणतात त्याचा सगळा खेळ तिथेच आहे. एका प्रसिद्ध म्हणाव्या अशा कॅफेत मी मुद्दाम ट्रॉपिकल स्मूदी मागवून बघितली होती, अर्धा लिटरचा तो ग्लास, वर सिरपचे ओघळ, खाली बर्फ, पिऊन झाल्यावर पुन्हा दुपारी भूक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधे ज्या आहार सूचना काढल्या त्यात दिवसाला फळं १०० ग्रॅम सांगितलीयत. शंभर ग्रॅम म्हणजे किती, तर मध्यम आंब्याच्या एका फोडीपेक्षा थोडं जास्त. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साखर साधारण १४ ग्रॅम, केळ्यात १२, अननसात १०, पपईत ८ च्या आसपास. आख्खं फळ चावून खाताना आपोआप ब्रेक लागतो, दोन केळी खाल्ली की बास होतं, पण तीच दोन केळी, एक आंबा आणि अर्धा अननस मिक्सरमधून काढून पाच मिनिटांत पिता येतो, पोटाला पत्ताही लागत नाही. चोथा न गाळल्यामुळे रसापेक्षा स्मूदी बरी हे खरं, पण बरी म्हणजे फुकट नाही. मध नैसर्गिक म्हणून चालतो असं म्हणणाऱ्यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांमधे मधाची साखरही वरून घातलेल्या साखरेतच धरलीय.

त्यामुळे आमचं माप तिघांना मिळून अननस एक छोटी वाटी, पायरीचा गर तेवढाच, केळं अर्धं, म्हणजे फळ माणशी शंभर ग्रॅमच्या आसपास. पातळ रस वाटीभर, दाट रस पाव वाटी, मसाल्याचे दोन क्यूब, मीठ, लिंबू, वर जायफळ. आईच्या वाट्याला पोटभरीसाठी रात्री भिजवलेले पाच-सहा काजू नाहीतर सोललेले बदाम मिक्सरमधेच जातात, कारण तिचं तेव्हा ते जेवणच होतं आणि नुसत्या फळांत प्रथिनं जवळजवळ नसतातच. कधी चमचाभर डाळव्याचं पीठ, ते घातलं की दाटपणा एवढा येतो की केळं नाही टाकलं तरी चालतं, चव मात्र जरा पंजिरीकडे झुकते, मला आवडली, मुलीला नाही. बायको डबा भरताना उभ्याउभ्या दोन घोट घेते त्यात सब्जा हवा असतो तिला. शेजारच्या काकांना किडनीचा त्रास आहे, त्यांनी रेसिपी मागितली तेव्हा मात्र मी नाही दिली, केळं-नारळ-आंबा सगळ्यात पोटॅशियम भरपूर, त्यांना त्याचं पथ्य आहे.

करून ठेवायची नाही, हेही सांगून टाकतो. अर्ध्या तासात थर वेगळे होतात, रंग जातो, आलं उग्र व्हायला लागतं. उरलीच तर लगेच कुल्फीच्या साच्यात. पायरीचा मोसम संपत आला तेव्हा मी गर काढून डबे भरून फ्रीजरमधे टाकले, साखर न घालता, ते पावसाळ्यात पुरले, गोठवलेल्या गराला वास थोडा कमी पडतो, मग वेलदोडा एक जास्त.

जूनमधे आईची कवळी आली आणि तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आता ते मिक्सरचं प्रकरण पुरे, तिला आंब्याची बाटी चोखायची होती. मी आणि मुलगी अजून करतो, आठवड्यातून कधीतरी. मसाल्याचे क्यूब मात्र दर वेळी जास्तच होतात, त्यातले दोन मी एकदा लाल भोपळ्याच्या सूपमधे टाकले, आलं, मिरी, नारळाचा रस सगळं आयतं तयारच होतं त्यात, आणि आई ते सूप पुन्हा मागून घेते, स्मूदी तिने कधी मागून घेतली नव्हती.